दादाच्या ब्लेडचा तुटलेला दात: बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर

तीन वर्षांपूर्वी करवतीच्या ब्लेडचा दात उडून माझ्या दादाचा उजवा डोळा गेला. त्याच दिवशी पंढरीही तुटला. पंढरी म्हणजे लाकूड कापायच्या शेडमधला दादाचा अठरा वर्षांपासूनचा भागीदार. कापायच्या लाकडात खिळा आहे का, ते चुंबक फिरवून बघायचं काम त्याचं. त्यानं खिळा तसाच राहू दिला, असं दादानं अख्ख्या बदलापूरला सांगितलं. पंढरी उल्हासनगरला निघून गेला. यंदा मार्चमध्ये तो हृदयविकाराच्या झटक्यानं वारला. दादा मातीलासुद्धा गेला नाही.

गेल्या आठवड्यात शेड रिकामी करताना ते ब्लेड सापडलं. "अंबरनाथला नवा दात बसवून मिळेल. मग विकून टाकू," दादा म्हणाला. मी स्कूटर काढली.

बदलापूर पूर्वेहून चिखलोलीवरून अंबरनाथची आनंदनगर एमआयडीसी अर्ध्या तासाची वाट. नऊच्या आत निघालात तर बरं, नंतर कंपन्यांच्या बसमागे धूळ खात जावं लागतं. कोपऱ्यावरच्या टपरीत उसळपाव झणझणीत मिळतो. दादानं नुसता चहा घेतला.

धारवाले काका साठीचे. त्यांनी ब्लेड घासून भिंगाखाली धरलं, मलाही दाखवलं. दातांच्या कडा वाळवी लागल्यासारख्या पोखरल्या होत्या.

"लाकूड कुठलं कापायचात?"

"पॅकिंगच्या पेट्यांची निलगिरी. ओलीच यायची."

"मग बरोबर. हा दात म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे बारीक दाणे, कोबाल्टनं धरून ठेवलेले. ओल्या लाकडाचा आंबट रस कोबाल्ट खातो. दाण्यांची पकड सुटते, दात कमजोर होतो. रोज पुसून ठेवायचात ना?"

ते काम दादाचं होतं.

"खिळा लागून तुटला," तो म्हणाला.

"लागलाही असेल, मी काय तिथं नव्हतो. पण हा खिळ्याशिवायही तुटला असता. शेजारच्या दातांना चिरा बघा. भंगारात द्या, पुन्हा चढवू नका."

बाहेर येऊन दादा इतकंच म्हणाला, "उल्हासनगरला, कॅम्प एकला घे."

उल्हासनगरात दुपारी गाडी लावायला जागा मिळत नाही. गल्लीच्या तोंडाशी दालपकवानवाल्याला विचारून लावली. पंढरीच्या शालिनीवहिनी पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहतात. दादानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. "वहिनी, ब्लेड मी पुसत नव्हतो. पंढरीला उगाच बोल लावला."

वहिनींनी त्याच्यापुढे पाणी ठेवलं. "शेवटी दवाखान्यातही हे म्हणत होते, मी दोनदा चुंबक फिरवला. मीच म्हणायचे, आता सोडा, राहिला असेल तुमच्याकडून." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "भाऊजी, मीपण त्यांचं खरं धरलं नाही."

परतताना दादा माझ्या पाठीमागे रडत होता. मी स्कूटर हळू चालवली.

तुमच्या घरी असं ब्लेड असेल तर ओलं लाकूड कापल्यावर पुसून, कोरडं करून ठेवा. या फेरीतून देण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.

दुसऱ्या दिवशी दादा बदलापुरातल्या लाकडाच्या वखारीत गेला. गल्ल्यावर मालकाची नवी सून बसली होती.

"पंढरीची चूक नव्हती," दादा म्हणाला.

"कोण पंढरी?"

दादा स्टूल ओढून बसला आणि तिला पहिल्यापासून सांगू लागला.