पातेल्याला कान लावणारी

पातेल्यावर झाकण ठेवायच्या आधी ती वाकून कान लावायची. आपण बायका आमटीचा वास घेतो, तळहातावर थेंब टाकून चाखतो. ही ऐकायची. मी एकदा विचारलं, "काय म्हणतंय वरण?"

"अजून बोलंना, बाई. थांबा जरा."

तेव्हा मी तरुण होते, जेमतेम बासष्टची. घरोघरी स्वयंपाकाला बायका पाठवायचा उद्योग नुकताच काढला होता. चांगल्या हाताची बाई मिळणं आपल्या शहरात किती अवघड, ते तुम्ही जाणताच. माझ्याकडे नऊजणी जमल्या आणि मला अक्कल सुचली. पत्रक छापायचं आणि त्यात प्रत्येकीची पार्श्वभूमी द्यायची. एकीच्या शेजारी हैदराबादचं कुटुंब राहायचं, तेवढ्यावर मी तिला 'निजामी परंपरेतली' करून टाकलं. तिला साधा पुलाव जमत नव्हता.

मग या कान लावणारीला विचारलं, "तुम्ही कुठं शिकलात?"

"कन्नड तालुक्यात. ऊसतोडीच्या टोळीला भाकरी थापायची. तसं लिवता का?"

तसं कोण लिहिणार? ती कधीच काही चाखत नाही, तरी तिचं मीठ चुकत नाही, एवढं माझ्या चाणाक्ष नजरेनं टिपलं होतं. मी लिहिलं, 'नैवेद्याच्या स्वयंपाकात मुरलेल्या. न चाखता अचूक चव.' वाचून दाखवलं तेव्हा ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "लिवा तुमच्या मनानं," म्हणाली. "जेवण तर तेच ऱ्हाणार."

त्या एका ओळीनं तिला सणावाराची बोलावणी सुरू झाली. क्रांती चौकाजवळच्या एका घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. मीही गेले. म्हणायला देखरेख, खरं तर मिरवायला.

बाहेरच्या खोलीत घरच्या बायका महालक्ष्म्यांना साड्या नेसवत होत्या. आत मिक्सर घरघरत होता. तो बंद झाला तशी मी आत निघाले आणि दारातच थबकले. गॅसचा उग्र वास. मिक्सरच्या आवाजात दूध उतू गेलं होतं, शेगडी विझली होती, बटण मात्र चालूच. आणि ही वाकून लायटर लावायच्या बेतात, अगदी शांतपणे.

मी तिचा हात असा हिसडला की लायटर ओट्याखाली गेला. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"काय झालं, बाई?"

"वास येत नाही का तुम्हाला?"

"नाय." मग हळूच म्हणाली, "करोनात गेला, तो आलाच नाय. चवबी गेली."

"आणि मीठ?"

"हाताला ठावं हाय."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर कामावर ठिवलं असतं का? आन् तुम्हीच तर छापलं, न चाखता म्हणून. मला वाटलं, देवच पावला."

मला पहिली काळजी कशाची वाटली, सांगू? पत्रकाची. घरच्यांना कळलं तर माझी काय शोभा? मी दात आवळून म्हणाले, "आजचं उरका. उद्यापासून येऊ नका."

तिनं पुरण पूर्ण केलं, पोळ्या लाटल्या, ओटा पुसला. सवाष्णी बोटं चाटत जेवल्या. तिनं नुसतं पाणी घेतलं आणि गेली.

उपाय सुचायला मला आठ दिवस लागले. माझ्याकडे आणखी आठ बायका होत्या, म्हणजे आठ धडधाकट नाकं. त्यातलं एक तिच्यासोबत पाठवलं असतं की झालं. हे सांगायला मी मुकुंदवाडीला तिच्या खोलीवर गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "ती तर गेली की, गावाकडं. चूलच बरी म्हणली. इझली की दिसती."

आता तो उद्योग बंद केलाय, घरापुरतंच रांधते. कुणी बघत नाही असं पाहून पातेल्याला कान लावते. वरण काहीतरी म्हणतं खरं. मला अजून कळत नाही, म्हणून चाखून बघते.