राजोडीला साखर पडली

मला आणि माझ्या विहीणबाईंना मधुमेह एकाच वर्षी निघाला. मुलांची पत्रिका कोणी पाहिली नव्हती, पण आम्हा दोघींचे रिपोर्ट मात्र तंतोतंत जुळले.

मी वटार गावची. घरामागे केळी आणि चाफ्याची वाडी, आणि नोकरी शाळेत मराठी शिकवायची, आता निवृत्त. विहीणबाई खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातल्या. आता तुळिंजला धाकट्या लेकाकडे राहतात आणि दर रविवारी लेकीला, म्हणजे माझ्या सुनेला, भेटायला आमच्याकडे येतात. तुळिंजच्या एकाच डॉक्टरांकडे आम्ही दोघी जायचो. त्यांनी दोघींना एकच सांगितलं, वजन आठ किलोनं उतरवा.

महिन्याभरानं दोघी काट्यावर उभ्या राहिलो. विहीणबाई दोन किलोंनी उतरल्या होत्या. माझे तीनशे ग्रॅम गेले होते, आणि त्यासाठी मी चपला, घड्याळ आणि चष्मा काढून ठेवला होता.

"होईल, होईल," विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली दया मला सहन झाली नाही.

आयुष्यभर मी पोरांना सांगत आले की दुसऱ्याच्या मार्कांकडे बघू नका. तरी त्या दिवसापासून मी दुपारचं जेवण गुपचूप बंद केलं. भाकरी वाडीतल्या कोंबड्यांना घालायची आणि आपण काकडी खायची. मधुमेहाची गोळी मात्र एकदाही चुकवली नाही, कारण मी शिस्तीची. कोंबड्या गुबगुबीत झाल्या. मलाही चार दिवस फार हलकं वाटलं. तो हलकेपणा नव्हता, चक्कर होती, हे नंतर कळलं.

पाचव्या दिवशी रविवार होता. संध्याकाळी आम्ही दोघी राजोडीच्या किनाऱ्यावर चालायला गेलो. थोडं चालल्यावर मला उगाच राग येऊ लागला. आधी वाळूचा आला, मग विहीणबाईंच्या चालण्याचा. त्या पुढे चालल्या होत्या आणि वर गुणगुणत होत्या.

सुरूच्या झाडांखाली कुठलंसं कुटुंब वाढदिवसाला जमलं होतं. सगळ्यांच्या अंगात पिवळे टी-शर्ट, मधे टेबलावर केक, आणि दोन झाडांना बांधलेला फलक: 'आईला साठीच्या हार्दीक शुभेच्छा'. 'हार्दिक'मधली ती दीर्घ वेलांटी माझ्या डोळ्यांत खुपली. एरवी मी मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे गेले असते. त्या दिवशी मी सरळ त्यांच्यात घुसले.

"हा फलक कोणी लिहिला?" मी विचारलं.

पिवळ्या टी-शर्टातले सगळे उभे राहिले. एक चाळिशीचा गृहस्थ हात वर करून म्हणाला, "मी, मॅडम."

"हार्दिकमधला दि ऱ्हस्व. दहा वेळा लिहून आण."

तो खरोखर कागद शोधू लागला. मला पुढचंही काही बोलायचं होतं, पण जीभ जड झाली. हात थरथरत होते आणि वारा असूनही पदर घामानं भिजला होता. समोर एक सजवलेली खुर्ची होती, पाठीला फुगे बांधलेली. मी तिच्यावर बसले.

विहीणबाई धावत आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "विहीनबाई, दुपारी काय खाल्लं?"

"काकडी."

"आनि गोळी?"

"घेतली."

त्यांनी कपाळावर हात मारला. वाढदिवसाच्या बाई बाजूलाच उभ्या होत्या, हातात संत्र्याच्या सरबताचा पेला. विहीणबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्या तोंडाला लावला. "माफ करा," त्या मागे वळून म्हणाल्या, "हिची साखर पडली."

त्यावर एक आजोबा खरंच खाली वाकून वाळूत शोधू लागले.

विहीणबाईंच्या पिशवीत साखर मोजायचं यंत्र असतंच. बोट टोचलं, छप्पन्न आले. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं होतं. पिवळं कुटुंब आमच्याभोवती कोंडाळं करून उभं राहिलं, केक तसाच. दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा अठ्ठ्याण्णव आले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला फार लाज वाटली. म्हणजे डोकं ताळ्यावर आलं होतं.

मी खुर्ची सोडली, माफी मागितली. वाढदिवसाच्या बाई म्हणाल्या, "अहो असू दे. माझी पण बघा ना जरा. कधी बघितलीच नाही."

विहीणबाईंनी नवी सुई लावून त्यांचं बोट टोचलं. यंत्रावर चारशे बारा आले. त्यांच्या सुनेनं केकवर झाकण ठेवलं. लेक हळूच म्हणाला, "आई, तू बस." बाई मटकन बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

विहीणबाईंनी मात्र त्यांचा हात पुन्हा हातात घेतला आणि बोट नाकाशी नेऊन हुंगलं. "केकला बोट लावलेलं काय?"

"जरासं," बाई म्हणाल्या. "कडेचं क्रीम."

"पानी आना, पानी." हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटावर मोजलं. एकशे चार. केकवरचं झाकण निघालं, आणि बाईंनी आनंदाच्या भरात दोन तुकडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला शांतपणे विचारलं, "गोळी चालू ठेवून जेवण बंद करायला कोणी सांगितलं?" एवढा शांत आवाज मी फक्त नापास होणाऱ्या पोरांसाठी राखून ठेवायचे. त्यांनी गोळी निम्मी केली, तिन्ही वेळा थोडं थोडं खायला लावलं आणि बजावलं, "जेवणात कपात करायची तर आधी मला विचारायचं." विहीणबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ते सगळं ऐकून पाठ केलं.

आता माझं वजन महिन्याला किलोभर उतरतं. विहीणबाईंचं थोडं जास्त. त्या कुटुंबानं निघताना माझा नंबर घेतला होता, त्यावर त्यांनी साठीचा एकत्र फोटो पाठवला. त्यात सगळे पिवळे आणि मधोमध जांभळ्या साडीत मी. माझ्या सुनेनं तो दिवाणखान्यात लावलाय. पाहुणे विचारतात, हे कोण तुमचे? मी म्हणते, ओळखीचे.