वाळल्याची भरपाई नाही

गुरुवार, १० जून २००४. सकाळपासून ढगाळ, पाऊस नाही. गॅसवाला आजही आला नाही. दुपारी नवसाबाईबरोबर बंधाऱ्याच्या कचेरीत गेले. फार संताप झाला.

एवढं लिहून कुमुदबाई गायधनींनी पेन खाली ठेवलं. रागानं अक्षर वेडंवाकडं येत होतं.

नवसाबाई पेठ तालुक्याच्या बाजूची. डोंगराखालच्या पाड्यावर ओढ्याकाठी तिचं भाताचं खाचर. पावसाळ्यात तिथे आभाळ फाटतं आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यावरच्या बाया दरीत उतरून झिऱ्यातून वाटीवाटीनं हंडा भरतात. नवरा साप चावून गेला तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. तिला पाठीशी बांधून नवसाबाईनं चिखलात भाताची आवणी केली. हिवाळ्यात पिंपळगावच्या द्राक्षबागांत राबली, उन्हाळ्यात करवंदांची पाटी घेऊन नाशकात आली. पाटी उतरवायची ती कुमुदबाईंच्या ओट्यावर. कुमुदबाईंचे मालक गेल्यापासून त्यांच्याशी भांडल्यासारखं मोठ्यानं बोलणारी तेवढी एकच उरली होती.

आता त्या ओढ्यावर, खाचराच्या वरच्या अंगाला, बंधारा होणार होता. समुद्रात ‘वाया’ जाणारं पाणी बोगद्यातून गोदावरीकडे वळवायचं. कुमुदबाईंना आधी ते पटलंही होतं. सायखेडा-पिंपळगावच्या शेतीला पाणी, शहराच्या नळाला पाणी, कोण नको म्हणेल?

मग नवसाबाईनं मोजणीवाल्यांची हकिगत सांगितली. ऐन मे महिन्यात ते तिच्या दारात टेकले आणि म्हणाले, “मावशी, पाणी आहे का इथे?” ती म्हणाली, “हाय ना, लय हाय,” आणि घरातला एकुलता भरलेला हंडा त्यांच्यापुढे आणून ठेवला. दारात आलेल्या तहानेल्याला तिच्या पाड्यावर कुणी ‘नाही’ म्हणत नाही. शेजारून उसनं आणतील, पण म्हणणार नाहीत. साहेब पोटभर पाणी प्याले आणि त्यांनी कागदावर लिहिलं, पाणी मुबलक.

कचेरीत नेमका तोच साहेब होता.

“तुम्हीच सांगितलंत ना, मावशी, पाणी भरपूर म्हणून?”

“तुला तहान लागलेली, सायब. तोंडावर नाय म्हणू? मंग तू घोट तरी घेतला असता का?”

मोजणीलाही बरोबर आलेला बाजूचा कारकून फिसकन हसला. “म्हणजे खोटं बोललात की!”

“तू गप रं. तू तर दोन तांबे पेला.”

कुमुदबाई पुढे झाल्या. “ओढा वळवल्यावर हिच्या खाचराचं काय?”

“आजी, जमीन बुडत नाही त्यांची. बुडाली तर भरपाई मिळते.”

“आणि वाळली तर?”

“त्याला रकाना नाही.”

“पिंपळगावचा घडन् घड फायद्यात धरलात आणि हिच्या ताटातला भात तोट्यात बसत नाही? आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी असल्या गणिताला पट्टीनं हात फोडले असते!”

“मोठ्या कामात थोडं इकडेतिकडे होणारच, आजी.”

“इकडेतिकडे कुठे? सगळं तिकडचंच इकडे आणताय!”

साहेबानं घड्याळाकडे पाहिलं. “असं करा. पाणी नव्हतं, मी खोटं सांगितलं, असं लिहून अंगठा द्या. मग पुन्हा पाहणीचं बघू.”

कुमुदबाईंनी शाईचं पॅड तिच्याकडे सरकवलं. नवसाबाईनं हात पदराखाली घेतला.

“पाणी नव्हतं, ते लिव. खोटं बोलले ते नको लिवू.”

“दोन्ही लागेल.”

“मंग ऱ्हाऊ दे.”

“अगं, खाचर जाईल तुझं!” कुमुदबाई तिच्यावरच ओरडल्या.

“जाईल, बाई. पन माजा हंडा खोटा नव्हता.”

ती उठली. साहेबानं पुढच्या माणसाला हाक मारली. त्या ‘मुबलक’वर कुणी रेघ मारली नाही, की मारावी असं त्या कचेरीतल्या कुणाला वाटलंही नाही.

घरात आतून नवसाबाईचं खोकणं ऐकू आलं. कुमुदबाईंनी पेन उचललं आणि आजचं पान पुरं केलं.

नवसाबाईची पेठची शेवटची बस चुकली. आज इथेच निजेल. तांदूळ दोघींचे लावले.