ड्रायव्हरच्या मागची सीट

वाल्डॉर्फहून हायडेलबर्गला जाणाऱ्या संध्याकाळच्या बसमध्ये ती रोज असायची. पन्नाशीची, आयरिश. फोनवरच्या तिच्या बोलण्यावरून मी ते लगेच ओळखलं, कारण जर्मनीत येण्याआधी मी चार वर्षं डब्लिनला नोकरी केली होती. ती शेवटच्या सीटवर मांडीवर वही घेऊन बसायची आणि कोणी चढलं की पेन्सिलीचं टोक ओठाला लावून बघत राहायची. मला ते खटकायचं. परक्या देशात कोणी आपल्याकडे बघून लिहायला लागलं, की आपण कुठल्यातरी फाइलीत गेलो असंच वाटतं.

एक दिवस ती सरळ माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्या बॅगेवरचं डब्लिनच्या जुन्या ऑफिसचं नाव तिने वाचलं होतं.

"मी विद्यापीठात संशोधन करते," ती म्हणाली. "बाहेरून आयर्लंडला आलेली माणसं आता तिथून का निघून जातात, हा माझा विषय आहे. तुम्ही का सोडलंत?"

"चांगला जॉब मिळाला," मी म्हटलं. बायकोलाही मी हेच सांगितलं होतं.

तिने वही उघडलीच नाही. "सगळे आधी हेच सांगतात. पण बस रिकामी असली तरी तुम्ही ड्रायव्हरच्या मागेच बसता. डब्लिनच्या बसमध्ये काय झालं होतं?"



दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मधल्या सीटवर बसलो. तिसऱ्या स्टॉपला चार-पाच तरुण हसत हसत चढले, आणि मी उठून पुढे ड्रायव्हरच्या मागे आलो. मागे वळून बघितलं नाही. ती लिहीत असणार.