अंगणातला काळा दगड

एकाहत्तर साल असेल. धामणकर नाक्याजवळ आम्ही घर बांधलं, तेव्हा ओट्याच्या दर्शनी भिंतीला आणि अंगणाला काळा दगड बसवायला एक बाई यायची. तिचं नाव आम्ही कुणी विचारलं नाही. दगड घडवण्याआधी ती त्यावर हातोडी वाजवून ऐकायची. आवाज बद्द आला तर आत चीर आहे असं समजून दगड बाजूला सारायची.

बाबांना अंगण अगदी गुळगुळीत हवं होतं. तशा चार फरश्या बसल्या आणि दुसऱ्याच दिवशी विहिरीवरून हंडा आणताना आईचा अनवाणी पाय त्यांवर सटकला. तिला सातवा महिना होता. बाईने धावत येऊन दंडाला धरलं, म्हणून ती पडली नाही.

आईला ओट्यावर बसवून बाईने छिन्नी घेतली आणि त्या चारही फरश्या टोचून खरबरीत केल्या. संध्याकाळी बाबा चिडले. "गुळगुळीत सांगितलं होतं ना?"

"साहेब, तुमी चपला घालून चालनार," ती मान वर न करता म्हणाली. "पानी वहिनीच आननार हाय."

बाबांनी आईकडे पाहिलं. मग चपला काढल्या, हंडा उचलला आणि विहिरीकडे निघाले. त्याआधी मी त्यांना पाणी भरताना कधीच पाहिलं नव्हतं.