अळिवाची ताटली

अळीव उगवायला अक्कल लागत नाही. स्टीलची ताटली घ्यायची, तिच्यात कापसाचा पातळ थर पसरायचा, पाणी शिंपडायचं, वरून दाणे टाकायचे. थोड्या वेळात प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत पडदा धरतो, बेडकाच्या अंड्यासारखा. मग पांढरी शेपटी फुटते आणि आठवडा व्हायच्या आत ताटली हिरवी होते. पानं खुडून तोंडात टाकली की मोहरीसारखी झणझणतात. माती नको, खत नको, फक्त पाणी लागतं. म्हणूनच मी अळीव आंदोलनात घेतले.

आंदोलन म्हणजे फार काही नाही. अमरावतीत आमच्या वस्तीतल्या विहारात बसून पत्रकं लिहिणारी आम्ही काही पोरं-पोरी. खारपाणपट्ट्यातल्या गावांना गोडं पाणी द्या, एवढीच मागणी. पत्रक लोक वाचत नाहीत, त्यात भजी बांधतात. ताटली मात्र बघतात. एका ताटलीला तिथल्या बोअरचं पाणी, दुसरीला गोडं. एकीतल्या पानांच्या कडा करपतात, दुसरी हिरवीगार. निवेदन घेणारा साहेबही करपलेल्या पानाला बोट लावतो. मग म्हणतो, "बघतो." अजून बघूनच राहिला आहे.

दाणे मी आईच्या डब्यातून उचलायची. ताईच्या बाळंतपणातल्या लाडवांसाठी ते आणून ठेवलेले.

"बाळंतिणीच्या तोंडचं कापसावर काहून पेरून राहिली वं?" आई ओरडायची.

"अजून बाळंतीण कुठं झाली ती?"

असं म्हटलं की आई बंद डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबायची. ताईचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. तेव्हा सगळे म्हणाले, नशीब. नशीब म्हटलं की कोणालाच जाब विचारावा लागत नाही.

ताईचं सासर अकोटच्या खालच्या अंगाला, खारपाणपट्ट्यातच. वर काळी जमीन, खाली मिठाचं पाणी. या खेपेला सातवा महिना लागला आणि तिचा फोन आला : बीपी वाढलंय, डॉक्टरनं मीठ बंद करायला सांगितलं. मी अंजनगाव सुर्जीवरून एसटी बदलत तिच्याकडे गेले.

दारातच तिचे पाय दिसले. कणीक भिजवून ठेवावी तसे. स्वतःची चप्पल चढत नव्हती, म्हणून भावजींची मोठी चप्पल ओढत चालत होती. तिनं मला तांब्याभर पाणी दिलं. गोडं, थंडगार. मी घटाघटा प्याले. मग तिनं स्वतःसाठी माठातून पेला भरला आणि माझ्या लक्षात आलं, तिचं पाणी वेगळं होतं. ते बोअरचं पाणी.

स्वयंपाकघरात कोपऱ्यात गोड्या पाण्याचा कॅन झाकून ठेवलेला. तिच्या सासूबाई, मी त्यांना मावशी म्हणते, तेच पाणी डाळीच्या कुकरात ओतत होत्या.

"हे पाणी ताई का पीत नाही, मावशी?"

"बोअरच्या पान्यात डाळ शिजत नाई, चहा फाटते. कॅन त्याच्यासाठी अस्ते. अन् पाव्हन्यासाठी."

"आणि घरच्या माणसांसाठी?"

"मानूस शिजवाचं हाय काय वं?"

सगळे हसले. ताईसुद्धा.

मावशी वाईट नाहीत, आणि हीच तर चीड येते. ताईची भाजी त्या वेगळी काढत होत्या, अळणी. मला कढई दाखवली. "देख, मिठाचा कन नाई. डॉक्टरनं सांगतलं म्हंजे सांगतलं."

"आणि पाण्यातलं मीठ?"

"आमी जनमभर हेच पेलो. मेलो काय?"

त्याच गल्लीतला एक माणूस रक्त साफ करायला अकोल्याच्या मशीनवर जात होता. मी त्याचं नाव घेतलं. मावशी म्हणाल्या, "त्याले तंबाखू होता." प्रत्येक माणसामागे एक कारण तयार असतं तिथं. एकाला तंबाखू, दुसऱ्याला दारू, माझ्या भाच्याला नशीब. पाणी तेवढं निर्दोष. जन्मभर 'योजना मंजूर' ऐकत आलेल्या बाईनं दुसरं काय म्हणावं?

मी ताईला माहेरी घेऊन निघाले. मावशींनी अडवलं नाही, उलट तीळ बांधून दिले. एसटीत बसताना खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाल्या, "ने. पन तुमचं पानी रुचनार नाई तिले."

मी हसले. गोडं पाणी कोणाला रुचत नाही?

अमरावतीत ताई दिवसभर खिडकीपाशी बसायची. हाताला चाळा म्हणून मी तिला अळिवाची ताटली पेरून दिली. आईनं बजावलं, "खाऊ नको मात्र. पोटुशीले अळीव उष्ण." ताई खायची नाही, नुसती पाणी घालायची. अळीव छान उगवले. आणि मग कडा पिवळ्या पडल्या. पिवळ्याच्या तपकिरी झाल्या, कागद जळत यावा तशा.

तो रंग मी ओळखते. बोअरच्या ताटलीचा रंग तो. आमच्या नळाच्या पाण्यात!

मी पेटलेच. तिथंच बसून पत्रक लिहायला घेतलं, 'शहराच्या नळालाही खार!' मसुदा घेऊन विहारात गेले, तर एकीनं विचारलं, "दुसरी ताटली कुठाय?" बरोबर होतं. मी त्याच नळाच्या पाण्यावर गच्चीत दुसरी ताटली लावली. ती हिरवीगार आली.

म्हणजे नळ नव्हे. मग काय?

ताईचे पायही उतरत नव्हते. इथल्या डॉक्टरबाई आईवर ओरडल्या, "मीठ कोण देतंय हिला?" आई रडकुंडीला आली. तिनं घरातलं लोणचं शेजारी नेऊन ठेवलं होतं, पापड बंद केले होते. बाई म्हणाल्या, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे अंधारलं तर थांबू नका, सरळ घेऊन या.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी लवकर घरी आले. आई आत जरा आडवी झाली होती. ताई ओट्यापाशी उभी. एका हातात पाण्याचा पेला. दुसऱ्या हातानं तिनं मिठाच्या बरणीतून चिमूट घेतली, पेल्यात सोडली, बोटानं ढवळलं आणि प्याली. उरलेलं पाणी खिडकीतल्या ताटलीत ओतलं.

"ताई, काय करून राहिली?"

ती दचकलीसुद्धा नाही. "काई नाई. पानी पेते."

"मीठ टाकून?"

"अळणी लागते वं तुमचं पानी. तहानच भागत नाई." मग मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "भाजीत नाई टाकत मी. मायनं सांगतलं ना."

तिच्या लेखी मीठ भाजीत असतं. पाणी म्हणजे पाणी. आणि पाण्याची चव अशीच असते, लग्न होऊन गेली तेव्हापासून.

माझ्याजवळ घोषणा पुष्कळ आहेत. ताईपुढे एकही चालेना. जमिनीखालचं मीठ ज्यांना गोड्या पाण्याच्या पाइपानं अडवता आलं असतं त्यांनी ते तिच्या जिभेवर चढू दिलं, आणि तिथून ते आता मला काढता येत नव्हतं. ताई पोटावर हात ठेवून हसली. "यालेबी सवय झाली असन ना?"

आईनं बरणी कपाटात घालून कुलूप लावलं. ताई औषध घ्यावं तसं तोंड वाकडं करून पाणी पिऊ लागली. मी पत्रक फाडलं, नवी ताटली पेरून तिच्या उशाशी ठेवली. रोज सकाळी आधी पानं बघायची, मग तिचा चेहरा.

आज पानं हिरवी होती. एकही कड करपलेली नव्हती. मी आईला दाखवायला ताटली उचलली, तेवढ्यात ताई कपाळ दाबत उठून बसली.

"माय, पडदा काहून लावला वं?"

आमच्या खिडकीला पडदा नाही. ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटली तिथंच टाकून ऑटो आणायला पळाले.