चाळीस चिठ्ठ्या

दहावीला संभाव्यता शिकवताना मी मुलींना नाणी उडवायला लावते. पण त्या वर्षी नाण्यांपेक्षा चांगलं उदाहरण हाती आलं होतं. विज्ञान शिबिरासाठी आमच्या वर्गातून एकच मुलगी जाणार होती, आणि चिठ्ठ्या टाकून ठरवायचं ही सूचना माझीच.

"चाळीसजणी आहात. प्रत्येकीची संधी एक छेद चाळीस. गुण कितीही असोत," मी वर्गात सांगितलं होतं.

चिठ्ठ्या माझ्या मैत्रिणीने केल्या. ती इंग्रजी शिकवायची. खापरखेड्याहून अकरा वर्षं आम्ही एकाच बसने यायचो. माझ्या बाळंतपणात माझे तास तिनेच सांभाळले होते. तिची भाची याच वर्गात होती. प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर मी डब्यात हात घातला, तर नाव भाचीचंच निघालं. मी मनापासून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या चिठ्ठ्या वर्गात नेल्या. एक काढल्यावर छेद कसा बदलतो, ते दाखवायचं होतं. एका मुलीने चिठ्ठी काढून वाचली. भाचीचं नाव. वर्ग हसला. तीन चिठ्ठ्यांनंतर पुन्हा तेच नाव. मग कुणी हसलं नाही. मुलींनी सगळ्या चिठ्ठ्या बाकावर उलगडल्या. भाचीच्या नावाच्या एकूण सात निघाल्या.

खिडकीजवळ बसणारी एक अबोल मुलगी त्या ढिगात पुन्हा पुन्हा शोधत होती.

"मॅडम, माही चिठ्ठीच नाही यात." मग हळूच, "तुमाले मालूम होतं का?"

"नाही वं," मी म्हणाले. तिने मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

स्टाफरूममध्ये मैत्रिणीला विचारलं, तर ती डबा उघडता उघडता म्हणाली, "काहून एवढं मनावर घेऊन राहिली? शिबिरच तर आहे. अन् चिठ्ठी तू काढली, म्हणून कोणाले शंकाही नाही आली."

तेच मला सगळ्यात जास्त लागलं. मुलींचा माझ्यावर विश्वास होता, आणि तो तिने न विचारता वापरला होता.

मी मुख्याध्यापिकांना सांगितलं. सोडत पुन्हा झाली. या वेळी प्रत्येकीने आपली चिठ्ठी स्वतः लिहून टाकली. शिबिराला दुसरीच मुलगी गेली. मैत्रीण आधीच्या बसने यायला लागली.

भाचीला यातलं आधी काहीच ठाऊक नव्हतं. आठवडाभर ती मधल्या सुट्टीत एकटीच बसायची. एकदा मी शेजारी जाऊन बसले.

"मॅडम, तुम्ही मावशीशी बोलता?"

"नाही."

"मीपण नाही," ती म्हणाली, आणि रडायला लागली.